पिवळी रेघ

१

नट सापडला तो पुलाच्या अलीकडे, गवतात. वेस्ली गिल्मर सापडला पुलाच्या पलीकडे, दगडी भिंतीपाशी. मधल्या अंतरात काय घडलं हे ड्रमकील गावात ज्याला त्याला ठाऊक होतं. घरच्या घरी मोटरसायकलचा मागचा शॉकअप बदलला, खालचा बोल्ट नीट बसला नाही, शनिवारी सकाळी पुलाच्या उंचवट्यावर तो निसटला, मागचं चाक वर घुसून जाम झालं आणि खेळ खलास. हे सगळं हळू आवाजात सांगून झालं की सांगणारा चहाचा घोट घ्यायचा आणि शेवटचं वाक्य जोडायचा. "आणि बोल्ट तपासला होता कुणी, तर पोटच्या पोरीनं."

ती पोटची पोरगी, रूथ, बापाला पुरल्यावर तीन आठवड्यांनी जिला ती लहानपणापासून मावशी म्हणायची त्या रॉबर्टा एस्लरच्या स्वयंपाकघरात बसली होती. सव्वीस वर्षांची, बापासारखीच आडव्या हाडापेराची. बस डेपोत मेकॅनिक. रॉबर्टानं आधी तिचे हात पाहिले. नखं पांढरीशुभ्र होती. रूथची नखं पांढरी तिनं कधी पाहिली नव्हती, रूथच्या बारशालासुद्धा ती बहुधा काळीच असावीत.

"डेपोत कधीपासून जात नाहीस?"

"सोडली नोकरी." रूथनं टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली. "पोलिसांनी गाडी परत दिली, त्याच्याबरोबर हे. गुरुवारी मृत्यूचौकशीवाल्यांचा माणूस येणार आहे. मी सही करणार, की चूक माझी होती. पण मावशी, चूक नेमकी काय झाली ते मला कळत नाहीये. तू सांग. मी काय चुकले ते कळलं तर निदान..."

 रॉबर्टानं वाक्य पुरं करायला लावलं नाही.

सदुसष्ट वर्षांच्या रॉबर्टानं आयुष्यातली तीस वर्षं रस्त्यावरच्या मोटरसायकल शर्यतींत गाड्या तपासण्यात घालवली होती. तिनं मान हलवली तर गाडी सुटायची, नाही तर नाही. तिच्या नावानं बोटं मोडणारे पुष्कळ होते आणि त्यातले बरेचसे अजून धडधाकट होते. दोन हातांचा नियम गिल्मरांच्या घराला तिनंच लावला होता. एकानं नट आवळायचा, दुसऱ्यानं पाना लावून तपासायचा, मग रंगानं एक रेघ ओढायची, नटावरून, वॉशरवरून, मागच्या लोखंडावरून, सलग. नट हलला की रेघ तुटते आणि चार हातांवरून दिसते. तिथं आवळायचं काम वेस्लीचं आणि पिवळी रेघ रूथची.

"तू तपासला होतास?"

"टॉर्क पान्यानं. दोनदा."

"मग रेघ ओढलीस."

"मग रेघ ओढली." रूथ उठली. "तुला खोटं बोलायचं असेल माझ्या समाधानासाठी, तर नको बोलूस."

ती गेल्यावर रॉबर्टानं पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी केली. बोल्ट. नट, त्यावर पिवळा ठिपका. आणि एक वॉशर, ग्रीसला चिकटून मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर राहिलेला. तिनं तो रॉकेलच्या फडक्यानं पुसला, चष्मा लावला, उलटा केला, सुलटा केला. मग खुर्ची ओढून खाली बसली.

वॉशरवर रंगाचा टिपूसही नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिल्मरांच्या शेडवर गेली. दाराबाहेर वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा पडला होता, त्याला ठेच लागली आणि तिनं मरणाऱ्या माणसासमोर काढू नये असा शब्द काढला.

"अगं, जपून!" वेस्लीची बायको नोरीन मागच्या दारातून चहाची किटली घेऊन येत होती. ठेंगणी, सडपातळ, चिमणीएवढी. काळ्या स्वेटरमध्ये आणखीच लहान दिसत होती. "बिजागऱ्यांना तेल घालायला ठेवलाय तो. तू काय शोधतेस?"

"रूथनं बोलावलंय."

"ती पोर स्वतःला खातेय, रॉबर्टा. तू तिला आणखी खणून देऊ नकोस. झालं ते झालं." नोरीननं कप भरला. ड्रमकीलमध्ये चहाला नाही म्हणत नाहीत, भांडायला आलेला माणूससुद्धा आधी कप घेतो. रॉबर्टानं घेतला. "मला तर तो नवा शॉकअप पहिल्यापासून आवडला नाही. जुना बिचारा मऊ होता. हा पुलावर नुसती लाथ घालायचा खालून. सांगत होते मी, नको त्या उचापती."

"वेस्ली ऐकणारा होता होय."

"नव्हता ना," नोरीन म्हणाली आणि किटली घेऊन आत गेली.

मोडलेली गाडी कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. चाळीस वर्षांची जपानी गाडी, वेस्लीच्या बापाची. तिच्या पोटात, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर, एकच शॉकअप उभा असतो. जुना तेल गाळायला लागला होता. बाप-लेकीनं नव्या, मोठ्या गाडीचा शॉकअप आणून बसवला होता. तो बारा मिलीमीटर लांब होता, म्हणजे गाडी मागून उंच झाली. त्याचं खालचं छिद्र रुंद होतं, म्हणून रूथनं लेथवर नवी बुश कातली. शॉकअपला जोडलेली गॅसची छोटी बाटली ठेवायला पत्र्याची कानी जोडली, आणि त्या कानीआड स्प्रिंग दाबणारी कडी झाकली गेली. आता कडी फिरवायची तर खालचा बोल्ट काढून शॉकअप खाली झुकवण्यावाचून इलाज नव्हता. काम मात्र सुरेख झालं होतं. शर्यतीच्या मैदानात रॉबर्टानं एका नजरेत पास केलं असतं.

बाकावर रूथची वही होती. पोरीचं अक्षर तिच्या वेल्डिंगसारखं, एकसारखं.

"खालचा वॉशर: स्वतः कातलेला, जाडी ३ मि.मी. स्प्रिंग: ११ आटे दाबलेली. बाबा (९६ किलो) बसल्यावर मागून ३४ मि.मी. बसते. योग्य. बाबा पुलावरून चक्कर मारून आले. म्हणाले, लोण्यासारखी."

रॉबर्टानं खिशातून वॉशर काढला आणि मापला. दीड मिलीमीटर. बाजारात मिळतो तसला साधा वॉशर होता.

मग ती गुडघ्यांवर बसली, गुडघ्यांनी तक्रार केली, तिनं दुर्लक्ष केलं. टॉर्चच्या उजेडात कानीआडचे आटे तिनं नखानं मोजले. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजले. चारच.

कडी आघातानं फिरत नाही, तिला अडवून धरणारी दुसरी कुलूप-कडी असते आणि ती घट्ट होती. कुणीतरी बोल्ट काढून, शॉकअप झुकवून, कडी सात आटे सैल केली होती, रूथची रेघ ओढून झाल्यावर.

३

शेडची दुसरी किल्ली वेस्लीच्या मोठ्या भावाकडे, मर्व्हिनकडे होती. गल्लीच्या टोकाला त्याचं घर. तो दारात काठी टेकून उभा होता, दोन महिन्यांपूर्वीच खुब्याचं हाड बदललेलं. अंगकाठी घोड्याच्या जॉकीसारखी, स्वभाव गंजलेल्या तारेसारखा.

"ये तपासनीसबाई. मला वाटलंच, आज ना उद्या तू येणार. किल्ली माझ्याकडे, गाडीवरून भांडण माझं, मग खुनी दुसरा कोण?"

"खून कुणी म्हटलं?"

"तू म्हणत नाहीस. तोंड म्हणतंय तुझं." त्यानं काठीनं खुर्ची पुढं ढकलली. "बस. बापानं गाडी धाकट्याला दिली. थोरल्यानं पंधरा वर्षं तिची साखळी पुसली, धाकट्यानं नुसतं 'बाबा, बाबा' केलं. मी त्याच्याशी अकरा वर्षं बोललो नाही. खुबा केला तेव्हा इस्पितळात तो द्राक्षं घेऊन आला. गाढव. मला द्राक्षं चालत नाहीत, हेही विसरला होता."

 त्यानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"शेडमध्ये गेला होतास का तू? शॉकअप बसवल्यापासून?"

"या पायानं? पायरी चढायला मला परमेश्वराची परवानगी लागते. आणि मला त्याचं वाईट करायचं असतं ना रॉबर्टा, तर मी सरळ पेटवली असती गाडी. सगळ्यांसमोर. चोरून नट ढिला करायला मी काय बाई आहे?"

"बायका चोरून काय करतात हे तुला काय ठाऊक?" रॉबर्टा म्हणाली, पण मनात तिनं त्याचं म्हणणं वेगळ्या कारणासाठी मान्य केलं होतं. जीव घ्यायला आलेला माणूस स्प्रिंग मऊ करत बसत नाही. त्याला बोल्टशी काम. हे काम गाडी चालवायला आलेल्या माणसाचं होतं.

"आणखी एक," मर्व्हिन म्हणाला. "त्याचं आता काय, पण मंगळवारी त्यानं कामाला दांडी मारली होती. जायच्या आधीच्या मंगळवारी. सकाळी नवाला गाडी बाहेर पडलेली ऐकली मी. तो आवाज मी झोपेत ओळखीन. दुधाचा टँकर सोडून साहेब हुंदडायला निघाले, म्हटलं चांगलंय."

रॉबर्टा दारात थांबली.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता वेस्ली टँकर घेऊन तिच्याच समोरच्या गोठ्यावर दूध भरत होता. तिनं त्याला हात केला होता.

४

शॉकअप विकला होता यूअल वायलीनं. गावाबाहेर त्याचं भंगाराचं आवार, आणि त्यात मधोमध यूअल, एकशेवीस किलोचा, हातात बटाट्याच्या पावाचा तुकडा. एरवी रॉबर्टा दिसली की तो सलाम ठोकून "नापास करू नका बाई" म्हणायचा. आज म्हणाला नाही.

"शॉकअप चांगला होता," तो आधीच म्हणाला. "शपथेवर सांगतो. तेल नाही, गंज नाही."

"माहीत आहे. मी पाहिला. तू का घाबरलायस?"

यूअलनं पाव खाली ठेवला. 

"त्या दिवशी पुलावर जायच्या आधी तो इथं थांबला होता, दहा मिनिटं. म्हणाला, 'यूअल, पोरीनं काय सुंदर बसवला होता, पण आज मागून फतकल मारतेय. मऊ झालीय.' मी म्हटलं, स्प्रिंग बसली असेल जरा, नवीन आहे. मग मी वाकलो. मी स्वतः वाकून पाहिलं, रॉबर्टा. पिवळी रेघ जागेवर होती. नटावरची आणि लोखंडावरची, समोरासमोर. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, रेघ जुळतेय, जा तू, संध्याकाळी बघू."

"वॉशरवर रेघ होती का?"

"वॉशर कोण बघतो?" तो ओरडलाच. मग हळू म्हणाला, "मी पाना लावायला हवा होता. हातात होता माझ्या, सतराचा. हातात होता."

रॉबर्टाला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि त्यातला अर्धा राग स्वतःचा होता. रेघ बघा, हे तिनंच या माणसांना शिकवलं होतं. तीस वर्षं शिकवलं होतं. आता ती सगळी रेघच बघत होती.

"हे कुणाला बोललास?"

"नोरीनला. अंत्यविधीच्या दिवशीच. मला राहवेना. म्हटलं, रूथची काही चूक नसेल, रेघ तर बरोबर होती. नोरीन म्हणाली, रूथला यातलं काही सांगू नकोस, तिला आणखी त्रास होईल."

कोंबड्या भंगारात चोची मारत होत्या. रॉबर्टा त्यांच्यातून वाट काढत निघाली, मग वळली.

"असं म्हणाली?"

५

दुपारी शेडमध्ये कुणी नव्हतं. रॉबर्टानं चुंबक दोरीला बांधला आणि बाकाखाली फिरवला. खिळे निघाले, बिअरच्या बाटलीचं झाकण निघालं, वेस्लीनं वर्षभर शोधलेला दहाचा पाना निघाला. चौथ्या फेरीला भिंतीकडच्या फटीतून एक जाड वॉशर आला. लेथच्या बारीक रेषा त्यावर अजून चमकत होत्या आणि एका कडेला पिवळ्या रंगाचा डाग होता.

तिनं तो तळहातावर ठेवला आणि सगळं सरळ मांडून पाहिलं.

रेघ ओढल्यावर कुणीतरी नट काढला. वॉशर घरंगळला, बाकाखाली गेला. त्या माणसाला घाई होती, शोधायला वेळ नव्हता. डब्यातून हाताला लागला तो वॉशर घातला, अर्ध्या जाडीचा. नट फिरवला. या नटाला आतून नायलॉनचं कडं असतं, तो रिकामा फिरतानाही हाताला घट्टच लागतो. फिरवता फिरवता नटावरची रेघ लोखंडावरच्या रेघेसमोर आली. तो माणूस थांबला. पुढं आवळला असता तर रेघ सरकली असती आणि नट काढला होता हे उघड झालं असतं.

आता बोल्टचे आटे. एका फेऱ्याला नट दीड मिलीमीटर पुढं जातो. वॉशर दीड मिलीमीटरनं पातळ होता. म्हणजे नट बरोबर एक फेरा कमी राहिला. रॉबर्टानं हे पाठकोऱ्या कागदावर मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. उत्तर तेच येत होतं, आणि ते उत्तर कुणाला सांगावं असं नव्हतं. आणखी एक फेरा दिला असता तरी रेघ पुन्हा जुळलीच असती.

आता माणूस. मंगळवारी नऊला गाडी बाहेर काढणारा. वेस्ली टँकरवर, रूथ डेपोत. मर्व्हिनला त्या खुब्यानं सीटवर पाय टाकता येत नाही. यूअलला मऊ स्प्रिंग नको, त्याला आणखी कडक लागेल. अकरा आट्यांवर शहाण्णव किलोच्या वेस्लीला गाडी लोण्यासारखी लागत होती. चार आटे म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोचा माणूस. हलक्या माणसाला अकरा आट्यांची स्प्रिंग कशी लागेल?

खालून लाथ घातल्यासारखी लागेल. पुलावर तर नक्कीच.

रॉबर्टा डोळे मिटून बसली. दाराबाहेर तो लाकडी ठोकळा होता. मागून उंच झालेल्या गाडीवर ठेंगण्या माणसाला चढायला लागतो तेवढ्याच उंचीचा. बिजागऱ्या होत्या दाराच्या वरच्या टोकाला, नोरीनचा हात त्यावर चढूनही पोचला नसता.

सत्तावीस वर्षांपूर्वी नोरीनचा भाऊ डेरेक शर्यतीत गेला. तोवर नोरीन त्याच्याहून वेगानं चालवायची, हे या मुलखात सगळे जाणत होते. त्याच्या शवपेटीपाशी वेस्लीनं तिला शब्द द्यायला लावला, पुन्हा हँडल धरणार नाही. तिनं दिला. रॉबर्टा तेव्हा पेटीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं.

६

नोरीननं चहा ओतला, सोडा ब्रेडला लोणी लावलं. रॉबर्टानं जाड वॉशर बशीशेजारी ठेवला. नोरीननं हे काय आहे असं विचारलं नाही.

"किती वर्षं चाललं होतं?" रॉबर्टा म्हणाली.

"सहा." नोरीननं सुरी पुसली. "मंगळवार आणि शुक्रवार. पुलापर्यंत, मग डोंगराच्या रस्त्यानं वर आणि परत. तासभर. सहा वर्षं मी त्या दोन तासांवर जगले गं. बाकीचे दिवस मी स्वयंपाक केला."

"त्याला सांगायचं होतंस."

"शब्द दिला होता. वेस्ली शब्द मोडणाऱ्याला माणसात धरत नव्हता. आणि रुसला की रुसला, भावाशी अकरा वर्षं बोलला नाही तो." ती हसली, त्यात हसू नव्हतं. "नवा शॉकअप बसला आणि माझी पाठ तुटायला लागली. त्या मंगळवारी मी कडी सैल केली. काय चालली गाडी त्या दिवशी! आल्यावर कडी पुन्हा आवळून ठेवणार होते. बोल्ट काढते तोच टँकरचा आवाज वळणावर. त्याचा पंप बिघडला होता, साडेदहालाच परत आला. वॉशर गेला घरंगळत. मी जो मिळाला तो घातला. रेघ जुळवली. शुक्रवारी नीट करणार होते."

"मग?"

"बुधवारपासून रजा घेतली त्यानं. तीन दिवस शेडमध्येच, टाकी चमकवत होता. शनिवारी सकाळी अंडी खाल्ली आणि निघाला. मी याच खिडकीत होते."

"तुला ठाऊक होतं नट अर्धवट आहे."

"रेघ जुळली होती," नोरीन म्हणाली. "मला वाटलं, जुळलीय म्हणजे झालं. तूच सांगायचीस ना?"

ते रॉबर्टाला जिथं लागायचं तिथं लागलं. पण ती उठली नाही.

"ते मी सोसेन. ते वेस्लीचं आणि तुझं आणि थोडं माझंही. पण तीन आठवडे, नोरीन? पोरगी नोकरी सोडून हात धूत बसलीय. यूअलनं तुला सांगितलं होतं की रेघ बरोबर होती, तू त्याचं तोंड बंद केलंस. पोटच्या पोरीच्या गळ्यात बापाचं मरण बांधलंस तू!"

"माझ्याजवळ आता तीच आहे." नोरीनचा आवाज पहिल्यांदा चढला. "कळलं तर ती माझं तोंड बघेल का?"

"म्हणून तिनं स्वतःचं बघायचं नाही?"

मागचं दार वाजलं. रूथ आत आली, हातात पावाची पिशवी. तिनं दोघींकडे पाहिलं, मग टेबलाकडे. पिशवी खाली ठेवून तिनं वॉशर उचलला. बोटानं कड चाचपली, आपलं काम ओळखायला तिला दिवा लागत नव्हता. पिवळ्या डागावर अंगठा थांबला.

"हा बाहेर कसा?"

"तू सांगतेस का मी सांगू?" रॉबर्टा नोरीनला म्हणाली.

नोरीननं सांगितलं. उभ्यानं, हात टेबलावर टेकून, काहीही न गाळता. खिडकीत उभी होते हेही सांगितलं. रूथ वॉशर बोटांत फिरवत ऐकत होती. 

"चार आट्यांवर," रूथनं शेवटी विचारलं, "कशी चालत होती?"

नोरीनला खोटं बोलता आलं असतं. तिनं पोरीकडे पाहिलं आणि बहुधा ठरवलं की आता पुरे.

"लोण्यासारखी," ती म्हणाली.

रूथनं मान डोलवली, मेकॅनिक नोंद घेताना डोलवतात तशी. वॉशर खिशात टाकला.

"गुरुवारी मी खरं सांगणार. तुझं नाव घेऊन." आणि ती बाहेर निघून गेली.

७

रॉबर्टा थोड्या वेळानं शेडवर गेली. रूथनं स्वतःची मोटरसायकल उजेडात ओढली होती. एका हातात जुनं ब्लेड, दुसऱ्यात पाना. गाडीच्या प्रत्येक नटावरची पिवळी रेघ ती खरवडून काढत होती, मग नट सोडवून पुन्हा आवळत होती. पिवळ्या रंगाचा चुरा तिच्या बुटांवर पडला होता. नखं काळी झाली होती.

"डेपोत जाशील ना परत?"

"जाईन. कुठंतरी दुसऱ्या गावी. तिथं कुणी रेघ मागितली तर ओढेन, पण पाना लावल्याशिवाय कुणाच्या रेघेवर विश्वास ठेवणार नाही." तिनं वर पाहिलं. "तुझ्यासुद्धा, मावशी."

"ठेवू नकोस," रॉबर्टा म्हणाली. तिला रडू आलं, ते तिनं लपवलं नाही.

अंगणातून नोरीन येत होती. चिमणीएवढी बाई, दोन्ही हातांत कप, भरलेला, सांडू नये म्हणून पावलं मोजत. लाकडी ठोकळ्यापाशी ती थांबली. आत यायची तिची हिंमत झाली नाही.

रूथनं पाना पुढच्या नटाला लावला.

"मावशी," ती मान वर न करता म्हणाली, "आईला सांग, मला चहा नको."